जोडीदाराचा वाटा

शिवन्या पोवारच्या नावापुढे यंत्राने अडतीस हा आकडा दाखवला तेव्हा मी त्याला एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली. अर्थात मनातल्या मनात. शेजारी डॉ. देवधर बसल्या होत्या, आणि ते यंत्र त्यांनी आणि मी मिळून सहा वर्षं खपून उभं केलं होतं.

त्याच यादीत दोन ओळी खाली शिवन्याची जोडीदार इनाया मुजावर होती. तिच्यापुढे चौऱ्याऐंशी. दोघी सोळा वर्षांच्या, एकाच तालमीच्या, एकाच फुटसाल संघातल्या. देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघाच्या शिबिराला आमच्या विभागातून एकच मुलगी जाणार होती. निवड समिती गेल्या वर्षापासून सामन्यांपेक्षा या आकड्यावरच भिस्त ठेवू लागली होती. यादी पाठवायला अकरा दिवस उरले होते.

इनाया चांगली खेळते, यात वाद नाही. पण शिवन्या चेंडू तळव्याखाली दाबून उभी राहते, तिघींना अंगावर येऊ देते आणि त्या आल्या की चेंडू चौथीच्या पायात गेलेला असतो. तेरा वर्षं या धंद्यात असलेली मी, ती खेळायला लागली की मोजायचं विसरून नुसती बघत बसते. अशा मुलीला अडतीस.

आता हा आकडा कसा येतो ते सांगते. फुटसाल म्हणजे छपराखाली, कडक जमिनीवर, पाच-पाच जणींचा फुटबॉल. मैदान लहान, चेंडू जड आणि कमी उसळणारा. दर तीन-चार सेकंदांनी थांबायचं, वळायचं, पुन्हा सुटायचं. मोठ्या मैदानावर दम लागतो. इथे ब्रेक लागतात, आणि ते ब्रेक गुडघ्यात असतात.

म्हणून या वयाच्या मुलींना आम्ही फेऱ्यांचा व्यायाम देतो. सहा ठिकाणं मांडायची: उडीच्या बैठका, जोर, मुद्गल, दोरखंडावर चढणं, खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन चालणं आणि शेवटी पेटीवरून एका पायावर उतरणं. प्रत्येक ठिकाणी चाळीस सेकंद काम आणि वीस सेकंदांत पुढच्या ठिकाणी हजर. अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. वजन बेताचं आणि विश्रांती तुटपुंजी. पाय थकले की हातांचं काम येतं, त्यामुळे पायांना उसंत मिळते पण काळजाला मिळत नाही. बारा आठवड्यांत मुली पहिल्या दहा मीटरला चपळ होतात, उंच उडतात आणि मुख्य म्हणजे नीट थांबायला शिकतात.

यात आमची भर पट्टीची. मांडीपासून नडगीपर्यंत बसणारी ही कापडी पट्टी. ती कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडते आणि स्नायू, अस्थिबंध आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांचं चित्र घेत राहते. स्नायूंतली वीजही मोजते. बारा आठवड्यांच्या नोंदींवरून संगणकात त्या मुलीची एक छाया तयार होते. हाडं तिची, कंडरा तिच्या, थकायची रीतही तिची. मग त्या छायेला पुढची तीन वर्षं एका दुपारात खेळवायचं, आणि असं शंभर वेळा. शिवन्याच्या शंभर छायांपैकी बासष्ट छायांची उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा तुटली. अडतीस जणी शेवटपर्यंत पोचल्या. टिकावाचा आकडा म्हणजे एवढंच.

गेल्या दोन वर्षांत या आकड्याने एकोणीस मुलींचे गुडघे वेळेवर वाचवले होते. त्यामुळे मी तो झटकून टाकू शकत नव्हते. माझा स्वतःचा गुडघा एकोणिसाव्या वर्षी गेला, तेव्हा असं यंत्र असतं तर मी आज पुण्यातल्या प्रयोगशाळेत नसते, अजून खेळत असते, असं मला कित्येकदा वाटलेलं आहे.

देवधरांनी मला कारण दाखवलं. शिवन्याची कंडरा जाड झाली होती. कंडरा दोन कारणांनी जाड होते. तिला सावकाश आणि भरपूर ओझं मिळालं तर ती दोर वळत जावा तशी भरत जाते. नाहीतर आतून झिजून सुजते. चित्रात दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात, त्यामुळे यंत्र नोंदलेलं ओझं बघून निवाडा करतं. शिवन्याच्या नोंदीत एवढी कंडरा भरावी इतकं ओझं कुठेच नव्हतं. म्हणजे सूज.

मी दोन दिवस तिच्या नोंदी चाळत बसले आणि हाताला काही लागेना. तिसऱ्या दिवशी, नुसतं ताडून बघावं म्हणून, शेजारी इनायाच्या नोंदी उघडल्या. पेटीवरून उतरताना प्रत्येकीचं पाऊल आपल्या तऱ्हेने टेकतं, अगदी सहीसारखं. इनाया टाच आधी टेकवते. पण चौथ्या ते आठव्या आठवड्यात इनायाच्या नोंदीतलं पाऊल बाहेरच्या कडेवर टेकून मग आत वळत होतं. तसं पाऊल आमच्या अख्ख्या यादीत एकाच मुलीचं होतं.

मी सकाळची पहिली बस पकडून कोल्हापूर गाठलं.

भैरव तालीम माझीही. तिथे खेळायला आलेली पहिली मुलगी मीच. आता आखाड्याच्या मागे छप्पर घालून फुटसालचं मैदान केलं आहे आणि वीस-बावीस मुली येतात. नाना वस्ताद, म्हणजे शामराव इंगवले, पंच्याहत्तरी ओलांडूनही सकाळी साडेपाचला दारात असतात. मी प्रकल्प सुरू करून दिला आणि मग सांगली, सातारा, पुणे अशी इतर केंद्रं सांभाळत बसले. नोंदी आपोआप येत होत्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शिवन्याला मी मैदानाच्या पायरीवर बसवलं आणि सरळ विचारलं, इनायाची पट्टी तू बांधत होतीस का. ती नाही म्हणाली नाही. तिला ते लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं.

"तिला कावीळ झालती, ताई. पाच आठवडे पडून होती. तिचा वाटा मी केला."

वाटा म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होतं. आमच्या तालमीत मेहनत जोडीने होते. जोडीदार आला नाही तर त्याचे जोर, त्याच्या बैठका उरलेल्याने काढायच्या, आणि फळ्यावर बरोबरची खूण गैरहजर असलेल्याच्या नावापुढे करायची. आपल्यापायी दुसऱ्याचं अंग मोडतं हे माहीत असल्यामुळे उगाच कोणी दांडी मारत नाही. वाटा झाला की तालमीच्या लेखी तो माणूस हजरच. म्हणूनच पाच आठवड्यांत, इनाया आजारी आहे, असं मला कोणीही कळवलं नव्हतं.

"वाटा केलास ते ठीक," मी म्हटलं. "पण तिची पट्टी कशाला बांधलीस?"

"मग? माझ्या पट्टीवर कसा घ्यायचा? वाटा तिचा न्हवं? ती चोरी झाली असती."

पट्टीची फसवणूक कोणी कशी करेल याचा आम्ही प्रयोगशाळेत महिनाभर विचार केला होता. कामात कसूर करणारी येईल, आकडे फुगवणारी येईल, सगळ्यांची सोय केली होती. दुप्पट राबून अर्धं दुसरीच्या नावावर लावणारी कोणी असेल, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

आकडे मुलींना फोनवर कळले होतेच; ते कसे आले ते मी तिला सांगितलं. तिचा अडतीस हा तिच्याच घामामुळे आला होता आणि इनायाचा चौऱ्याऐंशीही तिच्याच घामामुळे. शिवन्याने ऐकून घेतलं. मग तिच्या ध्यानात आलं की खरं सांगायचं तर इनायाचा आकडा पडणार, आणि तिचा चेहरा उतरला.

"सांगू नका, ताई. तिनं घरात सगळ्यांना पेढं वाटल्यात. दिलेला वाटा परत घेत न्हाईत."

मी तडक वस्तादांकडे गेले. मनात राग होता आणि तो जुना होता. माझा गुडघा गेला तो याच रिवाजापायी. सामन्याच्या आदल्या दिवशी माझी जोडीदार आली नव्हती, आणि मी तिच्या बैठका भराभर, कशाबशा उरकल्या होत्या. शेवटच्या दहांत गुडघ्यातून आवाज आला. वस्तादांनी मला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं, बारा दिवस डबा आणला, पण त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. त्या सकाळी मात्र मी बोलले. हा रिवाज बंद करा म्हटलं, आणखी एका पोरीचं नुकसान झालंय म्हटलं. आवाज चढला होता, हे मी कबूल करते.

वस्ताद आखाड्याची माती खोऱ्याने वरखाली करत होते. त्यांनी खोरं बाजूला ठेवलं.

"तुझा गुडघा माझ्या हातनं गेला, केतकी," ते म्हणाले. "त्या दिवसापास्नं मी नेम घातलाय. आपलं आपण कसंबी करा, पर दुसऱ्याचा वाटा धा आकडं मोजत खाली जायाचं आणि धा मोजत वर यायाचं. मातीत. अनवाणी. घाई दिसली की वाटा बाद."

वीस वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघत होते ते त्यांनी इतक्या सहज उच्चारलं की मला रडू आलं. आणि रडता रडताच डोक्यात प्रकाश पडला. दहा आकडे खाली, दहा आकडे वर, मऊ मातीत, आठवड्यातून तीनदा, पाच आठवडे. कंडरा भरायला याहून चांगला उपाय आमच्या शास्त्रालाही माहीत नाही. ओझ्याखाली स्नायू सावकाश लांबत गेला की कंडरेतल्या पेशी जाग्या होतात आणि नवे तंतू विणायला लागतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी हजारो गुडघे मोजून जे काढलं ते या माणसाने एका मुलीच्या गुडघ्याचं मनाला लावून घेऊन काढलं होतं. शिवन्याची कंडरा सुजलेली नव्हती. ती भरलेली होती.

आता प्रश्न उरला तो इनायाचा. मी वस्तादांना विचारलं, दिलेला वाटा परत घेत नाहीत, मग काय करू. त्यांनी फार विचार केला नाही.

"वाटा जोराचा असतोय. जाग्याचा नसतोय. जा, त्या पोरीला सांग. तिच्या नावाची गोष्ट हाय, तिला आधी कळाय पायजे."

मुजावरांच्या घरी मला चहा मिळाला, वर पेढा मिळाला आणि तो मी बशीतच ठेवला. इनाया अजून जराशी फिकट दिसत होती. तिची आई आत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. शिवन्याने काय केलं, का केलं आणि त्याने दोघींचे आकडे कसे फिरले. ती मान खाली घालून ऐकत होती. मी म्हटलं, यात तुझा काडीचाही दोष नाही, आणि समितीला मीच कळवते.

"नको. मी लिहितो," ती म्हणाली. आमच्याकडे मुली अशाच बोलतात. तिने तिथेच बसून फोनवर चार ओळी लिहिल्या आणि मला वाचायला दिल्या. पाच आठवडे मी आजारी होते, त्या दिवसांतल्या माझ्या नावावरच्या नोंदी शिवन्या पोवारच्या पायांच्या आहेत, त्या तिच्या नावावर करा, खाली सही. मी वाचून परत देईपर्यंत तिने हात पुढेच धरला होता. मग बटण दाबलं आणि आईला पेढ्यांचा डबा उचलायला सांगितलं.

समितीने दोघींच्याही नोंदी बाद केल्या. पट्टीची अदलाबदल झाली तर बारा आठवडे फुकट, असा नियमच होता आणि तो आम्हीच लिहिला होता. देवधर फोनवर समितीशी दीड तास भांडल्या. अखेर एवढं पदरात पडलं की यादीची मुदत वाढवावी, दोघींनी दोन आठवड्यांनी पुण्याला यावं, दिवसभर नव्याने तपासणी व्हावी, आणि खरं ओझं धरून दोघींच्या नव्या छाया पळवाव्यात. जागा तीच, एक.

शिवन्या माझ्याशी बोलेनाशी झाली. तालमीत समोरून गेले तर चेंडूकडे बघायची. इनायाशी मात्र बोलायची, आणि काय बोलायची ते मला पुण्याच्या बसमध्ये कळलं. दोघी माझ्या पुढच्या बाकावर होत्या. शिवन्या तिला सांगत होती की मी धावताना जरा हात राखून धावते, उडी जरा कमी मारते, कोणाला काय कळतंय.

मला पुढे वाकून सांगावं लागलं की कळतं. स्नायू खरा थकला तर त्यातल्या विजेची लय एका तऱ्हेने बिघडते. जाणूनबुजून कमी जोर लावला तर ती बिघडत नाही, नुसती मंदावते. पट्टी पहिल्या तीन धावांत ते ओळखते आणि 'अपूर्ण प्रयत्न' असा शिक्का मारून नाव काढून टाकते. पूर्वी एखाद्या मैत्रिणीसाठी हरता तरी येत होतं. आमच्या यंत्राने तीही सोय ठेवली नव्हती, आणि ते सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली.

इनाया खिडकीतून बाहेर बघत होती. "राखून धावलीस तर परत माझ्या जोडीला येऊ नको," ती म्हणाली. "मी दुसरी जोडी बघतो."

तपासणी सकाळी आठला सुरू झाली. आधी ध्वनिचित्रं, मग धावा, उड्या, वळणं, आणि शेवटी फेऱ्यांचा पूर्ण व्यायाम, दोघींचा एकदमच. मी काचेपलीकडे उभी होते. असा व्यायाम मी हजार वेळा बघितला असेन, पण त्या दिवशी माझ्याच्याने बसवेना. इनायाचा कावीळ झालेला देह दुसऱ्या फेरीतच हबकला. वाळूचं पोतं खांद्यावर घेताना तिचे पाय लटपटले. शिवन्या तिच्या पुढच्या ठिकाणी होती आणि एकदाही मागे वळली नाही. मागे वळली असती तर थांबली असती, हे मला ठाऊक होतं, इनायालाही होतं. शिवन्या दोर चढली, उतरली, पेटीवर गेली, बाहेरच्या कडेवर पाऊल टेकवत पुन्हा पुन्हा उतरली आणि तिचा गुडघा तसूभरही डगमगला नाही. इनायानेही एकही ठिकाण सोडलं नाही. शेवटचं उतरणं झालं तेव्हा ती जमिनीवर आडवी झाली. तिच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला होता. प्रयत्न पूर्ण.

देवधरांनी छाया पळवल्या. जेवणाची वेळ टळून गेली पण कोणी हललं नाही. तीनच्या सुमारास आकडे आले. शिवन्या पोवार, एक्याण्णव. इनाया मुजावर, सहासष्ट.

शिवन्याने आकडा बघितला आणि ती दाराबाहेर निघून गेली. इनाया पडद्यासमोर उभी राहिली. मी तिच्या जवळ गेले आणि काहीतरी बोलू लागले: कावीळ झाली होती म्हणून, पुढच्या वर्षी पुन्हा संधी आहे म्हणून. तिने मला मध्येच थांबवलं.

"ताई, चौऱ्याऐंशी आलं तेव्हाच मला कळालतं," ती म्हणाली. "पाच आठवडे मी अंथरुणात होतो. उठून मोरीपर्यंत जायचं तर आईला धरायला लागायचं. आणि यंत्र म्हणतंय, तुझे पाय घट्ट झालेत. एवढं कळत न्हाई व्हय मला? रोज सकाळी म्हणायचो, आज सांगू. तुम्ही घरी येईपर्यंत सांगितलं न्हाई."

शिवन्या दारात परत आली होती. तिने हे सगळं ऐकलं होतं.

"मग का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली. विचारताना तिचा आवाज फाटला.

"जायचं होतं मला," इनाया म्हणाली. "तुझ्याएवढंच."

शिवन्या येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. देवधर यादीत आकडे भरत होत्या. त्यांची बोटं क्षणभर थांबली, कारण शिबिराच्या अंतिम यादीत निवड न झालेल्या मुलीचा आकडा लिहायची पद्धत नाही, तो रकाना रिकामाच ठेवतात.

इनायाच्या ते लक्षात आलं. ती टेबलापाशी गेली, डोळे पुसले आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"सहासष्ट लिवा," ती म्हणाली. "हे माझं आहे."